बारा भावी मुख्याध्यापक आणि एक टाळं

राही तांबे मुख्याध्यापक होणार ही बातमी तिच्या गावात तिच्याआधी पोचली. पोस्टमनने पाकीट फोडलं नव्हतं, पण पाकिटावरचा 'भावी मुख्याध्यापक प्रशिक्षण वर्ग, रत्नागिरी' हा शिक्का त्याने वाटेत भेटेल त्याला वाचून दाखवला होता. राही चौतीस वर्षांची. खेड तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत अकरा वर्षं शिकवत होती. बौद्धवाडीतली पहिली नोकरी करणारी सून. नवरा मुंबईला इस्पितळात वॉर्डबॉय. सासूने पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "भावी म्हणजे काय गं?"

"म्हणजे पुढे कधीतरी होणार."

"कधीतरी होय," सासू म्हणाली आणि भात उतरवायला आत गेली.

हे १९८६च्या मे महिन्यातलं. जूनमध्ये राही रत्नागिरीला आली.

वर्ग मांडवीत भरायचा, होड्यांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्याच्या माडीवर. खाली इंजिन चालू करून बघत, तेव्हा वरचे बारा भावी मुख्याध्यापक बाकांसकट थरथरायचे. योजना सरकारची, पैसा सरकारचा, चालवायला एक खासगी मंडळ, आणि मंडळाने नेमलेले प्राचार्य हरिश्चंद्र केळसकर. केळसकर दिसायला भारदस्त होते आणि बहुधा त्यावरच त्यांची नेमणूक झाली असावी. त्यांच्याजवळ 'नेतृत्वाचे सात गुण' अशी एक वही होती. जूनमध्ये त्यांनी पहिला गुण शिकवला, दिवाळीपर्यंत सातवा संपवला, आणि दिवाळीनंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. कुणी हरकत घेतली नाही. पगार चालू होता, वर विद्यावेतन मिळत होतं, आणि संध्याकाळी किनाऱ्यावर फिरायला मिळत होतं. राही सुरुवातीला टिपणं काढायची. मग तिने त्या वहीत भाचीसाठी स्वेटरचे टाके लिहायला सुरुवात केली.

जानेवारीत पत्र आलं की पुण्याहून तपासणी होणार. वर्ग पुढे चालू ठेवायचा की नाही, ते त्या तपासणीवर ठरणार होतं.

केळसकरांनी वही बंद केली आणि तालीम सुरू केली. आदर्श शिक्षकसभेची तालीम. सदाशिव भुवड गुरुजी मुख्याध्यापक, बाकीचे शिक्षक. राहीच्या वाट्याला एकच वाक्य होतं: "सर, पावसाळ्यात हजेरी रोडावते, यावर काय उपाय योजावा?" त्यावर भुवड गुरुजींनी चष्मा काढून, क्षणभर विचार करून उत्तर द्यायचं होतं. भुवड गुरुजींना चष्मा नव्हता. केळसकरांनी स्वतःचा दिला. तो घातला की त्यांना समोरचा कागद दिसेना, म्हणून ते उत्तर पाठ करायला लागले. आठ दिवस माडीवर हजेरी रोडावत राहिली.

तपासणीला रणदिवे साहेब आले. निवृत्तीला चार महिने उरलेला, किडकिडीत, शांत माणूस. घाटात एसटी लागल्यामुळे चेहरा हिरवट झालेला. त्यांनी लिंबूसरबत घेतलं, सभा सुरू झाल्यावर पाच मिनिटं ऐकली, आणि राहीचं वाक्य यायच्या आत हात वर केला.

"केळसकर, अशा सभा मी या दौऱ्यात चार पाहिल्या. सांगलीत तर मुख्याध्यापकाने खरोखरचे डोळे पुसले. मला सराव शाळा दाखवा."

"कुठली, साहेब?"

"तुमच्या अहवालातली."

खालचं इंजिन नेमकं तेव्हाच बंद होतं, त्यामुळे शांतता सगळ्यांना ऐकू आली.

अहवालातली शाळा कासारकोंडची होती, शहरापासून तासाभराच्या वाटेवर. तिचं नाव भुवड गुरुजींनी सुचवलं होतं, कारण वर्गाला येण्याआधी ते तिथेच शिकवत होते. जुलैत सगळे एकदा तिथे गेले, पायरीवर बसून फोटो काढला, आणि परत आले. त्यानंतर कुणी गेलं नव्हतं.

मॅटाडोर मागवली. रणदिवे पुढे बसले, मागे केळसकर आणि बाराजण दाटीवाटीने. वाटेत रणदिव्यांनी अहवालांची फाइल उघडली आणि मान वळवून, अगदी सहज, मोठ्याने वाचायला लागले.

"'प्रशिक्षणार्थी रोज दोघे याप्रमाणे, आळीपाळीने, सराव शाळेत पूर्ण दिवस अध्यापन व प्रशासन करतात.' छान आहे. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, सगळीकडे हेच. खाली शाळेचा शिक्का आणि 'काम समाधानकारक' असा शेरा. सही एस. जी. भुवड, प्रभारी मुख्याध्यापक." त्यांनी पान उलटलं. "भुवड म्हणजे मघाशी चष्मा घातलेले?"

"त्यांचा भाऊबंद असेल," केळसकर म्हणाले.

भुवड गुरुजी मॅटाडोरच्या पत्र्याकडे बघत होते. शाळेचा शिक्का गेले आठ महिने त्यांच्या ट्रंकेत, लुंगीच्या घडीत होता. हे राहीला माहीत होतं, कारण दर महिन्याच्या शेवटी ते तिच्याकडूनच शाईचं पॅड उसनं न्यायचे. तिने कधी काही विचारलं नव्हतं. तिला आता त्याची लाज वाटली, आणि लाज वाटत असतानाच हसूही यायला लागलं. तिने पदर तोंडाशी धरला.

कासारकोंडला गाडी थांबली तेव्हा शाळेच्या दाराला टाळं होतं. जांभ्या दगडाची दोन खोल्यांची इमारत, पुढे पडवी, आणि पडवीत दहा-बारा माणसं बसलेली. मध्ये गंगाराम कळंबटे. पंचवीस वर्षं मुंबईत गोदीत काढून गावी परतलेला, आता गावाने त्याला पुढारी केलेला. किल्ली त्याच्या कंबरेला.

"शाळा बंद का?" रणदिव्यांनी विचारलं.

"मास्तर नाय म्हणून," गंगाराम म्हणाला. तो उठला नाही. "दोन होते. एक जूनमधे गेले, ते गेलेच. दुसरे कावीळ होऊन घरी पडलेत, त्याला तीन आठवडे झाले. आमी अर्ज केले, कोण येत नाय. मंग टाळा लावला. तुमी कोण?"

"मी पुण्याहून आलोय. हे वर्गाचे प्राचार्य. आणि हे बाराजण मुख्याध्यापक होणार आहेत."

गंगारामने गाडीतून उतरलेल्यांकडे नीट पाहिलं. "बारा हेडमास्तर," तो मागच्यांना म्हणाला, "आणि मास्तर एक पण नाय."

तेवढ्यात पडवीच्या कडेला उभी असलेली एक बाई पुढे झाली. काशी तिचं नाव. ती मॅटाडोरपाशी गेली आणि मागच्या बाजूने आत वाकून म्हणाली, "भुवड गुरुजी, खाली उतरा वो. आमी वळखला तुमाला."

भुवड गुरुजी पेपर तोंडासमोर धरून बसले होते. ते उतरले. पेपरही सोबत आणला.

पुढची पाच मिनिटं कुणाला फारशी आवडली नाहीत. जूनमध्ये गेलेले मास्तर म्हणजे हेच. ते मुख्याध्यापक व्हायचं शिकायला गेले म्हणून दुसरे आजारी पडताच शाळेत शिकवायला कुणी उरलं नव्हतं, आणि ते जिथे शिकत होते तिथून दरमहा या शाळेत शिकवणं समाधानकारक चालल्याचा कागद पुण्याला जात होता. रणदिव्यांनी हे सगळं गंगारामला विचारत, भुवडांना विचारत, एकेक करून बाहेर काढलं. आवाज कुठेच चढवला नाही. मग त्यांनी बाराजणांना विचारलं, "तुमच्यापैकी कितीजणांच्या शाळेत बदली शिक्षक दिलाय? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.

राहीला तिची शाळा आठवली. चार इयत्ता, आणि आता एकटे नाचरे गुरुजी. त्यांचं पत्र नोव्हेंबरात आलं होतं: चारही वर्ग एका खोलीत बसवतो, सगळ्यांना पाढेच शिकवतो, पाढे कुणालाही चालतात. तिने वाचून हसून ठेवून दिलं होतं.

"तुमची काय मागणी आहे?" रणदिव्यांनी गंगारामला विचारलं.

"मास्तर द्या. टाळा काढतो."

"नेमणूक माझ्या हातात नाही. मी फक्त तपासतो."

"मंग तपासा," गंगाराम म्हणाला. "टाळा बरोबर लागलाय का बघा."

केळसकर पुढे झाले. त्यांनी घसा साफ केला आणि नेतृत्वाच्या तिसऱ्या गुणाला हात घातला, तो म्हणजे समन्वय. ग्रामस्थ आणि शासन ही रथाची दोन चाकं असून, इथपर्यंत ते पोचले. काशी म्हणाली, "ह्यांना बसायला द्या कोणतरी." कुणीतरी खरंच घोंगडी पसरली, आणि केळसकर तीवर बसले.

तेव्हा राही पुढे गेली. काय बोलायचं ते तिने ठरवलं नव्हतं. आठ महिन्यांत तिला एकच वाक्य बोलायला दिलं होतं आणि तेही बोलायचं राहिलं होतं.

"साहेब, अहवालात लिहिलंय तसंच करायचं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"रोज दोघे, आळीपाळीने, पूर्ण दिवस. अहवाल खोटा आहे, पण वाईट नाहीये. उद्यापासून तो खरा करायचा. एप्रिलपर्यंत वर्ग आहे, तोवर रोज दोघे इथे येऊ. खोल्या दोन, आम्ही दोघे. भुवड गुरुजी पहिले."

केळसकर घोंगडीवरून म्हणाले, "पण अभ्यासक्रमाचं काय?"

"सर, सात गुण आमचे दोनदा झालेत."

रणदिव्यांनी फाइल उघडून ते पान पुन्हा पाहिलं. मग केळसकरांना म्हणाले, "तुम्हाला हरकत घेता येणार नाही. तुम्ही तर जूनपासून हे करताच आहात."

गंगारामला तोंडी कबुली नको होती. केळसकरांनी वर्गाच्या छापील कागदावर लिहून दिलं, राहीने मजकूर सांगितला. त्यावर गंगारामने शाळेचा शिक्का मागितला. भुवड गुरुजी खाली मान घालून म्हणाले की तो मांडवीला राहिलाय.

"उद्या येताना घेऊन या," गंगाराम म्हणाला आणि कंबरेची किल्ली राहीच्या हातात दिली. "बाई, तुमी उघडा."

तिने टाळं काढलं. आत फळ्यावर डिसेंबरची तारीख होती आणि आढ्याशी पाकोळ्यांनी घरटं केलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळच्या एसटीने दोघे जायला लागले. पुण्याची तपासणी परवडली असं सगळ्यांना लवकरच वाटायला लागलं, कारण गंगाराम रोज पडवीत बसायचा. शिक्षक उशिरा आला की वहीत नोंद. शिकवताना खुर्चीवर बसला की नोंद. एकाने पोरांना शेजारच्या झऱ्यावरून पाणी आणायला धाडलं, तर गंगारामने त्यालाच कळशी दिली. भुवड गुरुजींना पहिल्या दिवशी कुणी 'नमस्कार' केला नाही. काशीच्या मुलीने मात्र पहिल्याच तासाला त्यांना पाढ्यात चूक दाखवली आणि त्यानंतर ते जरा माणसात आले. फेब्रुवारी संपताना त्यांनी वर्गातून नाव काढून घेतलं आणि कासारकोंडला कायमचे परत गेले. केळसकरांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी प्रकृतीचं कारण दिलं. राहीला ते म्हणाले, "मला खरं तर चौथीच जमते."

राही आठवड्यातून एकदा तरी कासारकोंडला जायची, आणि परतताना पाय दुखायचे तरी तिला बरं वाटायचं. धान्याची गोणी कुठे ठेवायची, गळकं कौल कोण चढून नीट करील, दोन वाड्यांच्या पाणवठ्यावरून पोरांत झालेली मारामारी कशी थांबवायची, हे कुठल्याच गुणात बसत नव्हतं. मारामारी थांबवायला तिने दोन्ही वाड्यांच्या आयांना एकाच दिवशी शाळेत बोलावलं आणि स्वतः मुद्दाम अर्धा तास उशिरा आली. तोवर बायकांनी आपसात मिटवलं होतं. गंगारामने उशिराची नोंद केली.

मार्चमध्ये एकदा पाळीवरचे दोघेही आजारी पडले आणि केळसकरांना स्वतः जावं लागलं. ते कोट घालून गेले. तिसरीला भागाकार होता. संध्याकाळी परत आले तेव्हा कोट हातात होता, बाह्यांना खडू होता, आणि ते माडीवर न येता सरळ किनाऱ्यावर जाऊन बसले. राहीने विचारलं कसं काय झालं, तर म्हणाले, "बाकी उरते, तिच्यापुढे वरचा आकडा का उतरवायचा, हे एका पोराला समजेना. मलाही शेवटी समजेना." मग थोड्या वेळाने म्हणाले, "पण ऐकत होती हो पोरं." राहीने त्यांना पहिल्यांदाच चहाला बोलावलं.

रणदिव्यांनी लांबलचक अहवाल दिला: कुठल्याही शाळेतून बदली माणूस दिल्याशिवाय शिक्षक प्रशिक्षणाला उचलू नये, आणि वर्गांच्या कागदांवर भरवसा ठेवू नये. मेमध्ये ते निवृत्त झाले. अहवाल पुण्यात कुठल्यातरी कपाटात गेला आणि वर्गाला आणखी तीन वर्षांची मान्यता मिळाली, शेरा 'उत्तम'. केळसकरांनी तो चौकटीत बसवून भिंतीवर लावला, पण पुढच्या तुकडीला त्यांनी पहिल्याच आठवड्यात कासारकोंडला पाठवलं.

राही एप्रिलअखेर आपल्या शाळेत परतली. नाचरे गुरुजींनी तिला दारातच गाठलं, हजेरीपुस्तक, धान्याची वही आणि तीन महिन्यांची न उघडलेली सरकारी पाकिटं तिच्या हातात कोंबली.

"मुख्याध्यापक झालात ना?" ते म्हणाले.

"अजून ऑर्डर यायचीय, गुरुजी."

"ती येईल तेव्हा येईल. ही पाकिटं आज उघडा."

तिने पिशवी खुंटीला लावली, बाकावर बसून पहिलं पाकीट फोडलं, आणि पोरांना म्हणाली, "पाढे बंद करा. गोष्टीचं पुस्तक काढा."