शमुवेलच्या शेजारची जागा

रिबकाबाई शाळेच्या व्हरांड्यात पेल्यांत चहा ओतत होत्या, तेवढ्यात आतल्या वर्गातून शालनचा आवाज आला. तो रडण्याचा नव्हता. फार खोल पाण्यातून कुणी हाक मारावी तसा होता. रिबकाबाईंनी पातेलं खाली ठेवलं आणि पदराला हात पुसत त्या आत गेल्या.

दोन हजार पाचचा पावसाळा. पंचगंगा पात्र सोडून गावात शिरली होती आणि नदीकाठच्या वस्तीतली माणसं चर्चच्या शाळेत येऊन राहिली होती. शालन आणि तिचा नवरा बाबासो त्यांच्यातलेच. बारसंही न झालेलं त्यांचं लेकरू तापानं फणफणलं होतं. दवाखान्यातून सकाळीच परत आणलेलं. आता ते शालनच्या मांडीवर शांत पडलं होतं, झोपल्यासारखं.

बाबासो चर्चच्या पाळकसाहेबांपुढं उभा राहिला.

"आमची मातीची जागा पाण्याखाली हाय, साहेब. पोराला न्यायचं कुठं?"

पाळकसाहेबांनी मंडळीच्या पंचांकडं पाहिलं. पंचांत वडीलधारे आमोस गुरुजी होते. माणूस वाईट नव्हता. सकाळपासून स्वतः तांदळाची पोती वाहत होता.

"टेकावरचं कबरस्तान भरत आलंय," ते हळू आवाजात म्हणाले. "आपल्याच माणसांना जागा पुरंना झालीय. उद्या मंडळीला काय सांगायचं?"

पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"माझी हाय की जागा," रिबकाबाई म्हणाल्या. "शमुवेलच्या शेजारची."

सगळ्यांना ती जागा ठाऊक होती. नवरा गेला तेव्हाच त्यांनी ती मागून घेतली होती, चारी बाजूंनी विटा लावल्या होत्या. दर रविवारी उपासना झाली की त्या तिथं जाऊन बसत, गवत उपटत, शमुवेलशी बोलत. रोज झोपताना डोळे मिटले की तीच जागा दिसायची. उताराकडची, करंजाच्या सावलीतली. तिथं आपण पडलोय, शेजारी तो आहे, वरनं वारा जातोय. तेवढं दिसलं की झोप लागायची.

"रिबकाबाई, ती तुमची जागा," पाळकसाहेब म्हणाले.

"माझी हाय म्हणूनच देतोय."

"एवढासा जीव तो," आमोस गुरुजी म्हणाले. "तुमच्या जागेतला पायाकडचा कोपरा दिला तरी भागंल. तुमचीबी सोय ऱ्हाईल."

रिबकाबाईंची बोटं पदराचं टोक पिळत होती. मग ती थांबली.

"कोपरा नको. मधोमध ठेवा. उद्या माझ्यासाठी खणताना लेकराला धक्का लागंल."

"आणि तुम्ही?"

"मला कुठंबी ठेवा की. देवाला सापडणार न्हाय व्हय मी?"

दुपारी पाऊस जरा थांबला. टेकावरून पाहिलं तर खाली सगळं पाणीच होतं, आणि त्यात आभाळ उतरलं होतं. झाडांचे शेंडे ढगांतून उगवल्यासारखे दिसत होते. बाबासोनं हात जोडून बुद्धाचं त्रिशरण म्हटलं. पाळकसाहेब छत्री मिटून, मान खाली घालून उभे राहिले. मग त्यांनी प्रार्थना केली, तेव्हा बाबासोनं जोडलेले हात तसेच ठेवले. रिबकाबाईंनी मूठभर माती टाकली. ओली माती बोटांना चिकटून राहिली.

पाणी ओसरलं, माणसं घरी गेली. पण रिबकाबाईंची झोप मोडली. डोळे मिटले की करंजाची सावली दिसे, शमुवेल दिसे, आणि त्याच्या शेजारी आपल्याला पाऊल ठेवायला जागा नसे. दिलं ते मनापासून, यात शंका नव्हती. तरीही उशी चाचपत हात शेजारच्या रिकाम्या अंथरुणाकडं जाई आणि तिथंच राही. रविवारी उपासना झाली की त्या चपला घालत, फाटकापर्यंत जात आणि गुडघ्यांचं कारण सांगून घरी येत.

थंडी सुरू झाली तेव्हा एका रविवारी त्यांनी शेवंतीची फुलं घेतली आणि मन घट्ट करून त्या टेक चढल्या. धुकं अजून उठलं नव्हतं. कबरी त्यात तरंगत होत्या. करंजापाशी कुणीतरी बसलं होतं.

शालन होती. लेकराच्या मातीवर तिनं हात ठेवला होता, पण तोंड होतं शमुवेलच्या कबरीकडं.

"आबा," ती म्हणत होती, "थंडी पडाय लागलीया. त्याला जरा कुशीत घेत जावा. पालथं झोपायची सवय हाय त्याला. आणि रडला तर उचलून घ्या, लगीच गप बसतोय."

रिबकाबाई जागच्या जागी थांबल्या.

आबा. शमुवेलच्या उभ्या संसारात त्याला ही हाक कुणी मारली नव्हती. घरात पाळणा हलला नाही, याबद्दल तो कधी बोलला नव्हता. फक्त शेजारची पोरं अंगणात खेळायला लागली की तो विनाकारण दारात जाऊन उभा राहायचा.

शालन अजून बोलत होती. आज त्या कोपऱ्यात बोलायला रिबकाबाईंकडंही पुष्कळ होतं. त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या. मग चपलांचा आवाज होऊ न देता मागं वळल्या.

फाटकाजवळ एक जुनी कबर होती. नाव केव्हाच झिजून गेलेलं, कुणाची ते कुणाला माहीत नव्हतं. रिबकाबाईंनी दगडावरचा पाला झाडला, शेवंती तिथं ठेवली आणि कडेच्या ओल्या गवतावर त्या हळूच टेकल्या.

"पावणं," त्या म्हणाल्या, "बसू का जरा?"