थोरल्याची नोंद

लष्कराच्या कागदावर धाकट्याच्या बायकोचा जन्म तिच्या लग्नानंतर चार वर्षांनी झाला होता. नोकरीत असताना ते कुणाच्या लक्षात आलं नाही. पण निवृत्तीनंतर तिचा गुडघा कामातून गेला, लष्करी दवाखान्यात ऑपरेशन ठरलं, आणि तिथल्या खिडकीवरच्या माणसाने कार्ड परत सरकवलं.

"यात लिहिलंय त्याप्रमाणे या तुमच्या मुलीपेक्षा लहान आहेत. आधी रेकॉर्ड दुरुस्त करून आणा."

"इतकी तरुण असते तर इथे कशाला आले असते?" बायको म्हणाली.

धाकटा हे त्याचं तुकडीतलं नाव. तो ट्रक चालवायचा. त्याच तुकडीत आणखी एक ड्रायव्हर होता, नाव-आडनाव अगदी हेच. तो सहा फुटी, म्हणून थोरला. हा त्याच्या खांद्याला लागायचा, म्हणून धाकटा. वयाने गोष्ट उलटी होती, पण तिकडे बघतो कोण.

रेकॉर्ड ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट बंद होती. बायको कठड्याला धरून, प्रत्येक वळणावर थांबत वर आली. तिथल्या कारकून बाईंनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि फाइल उघडली.

"काका, दुरुस्तीआधी सगळी पानं वाचून दाखवायची असतात. कुठे चुकलं असेल तर थांबवा मला."

भरती, ट्रेनिंग, बदल्या असं त्या भराभर वाचत गेल्या. मग एका नोंदीपाशी त्यांचा आवाज आपोआप सावकाश झाला. "पुलाजवळ सुरुंगाचा स्फोट. पेटत्या गाडीतून तीन जखमी जवानांना बाहेर काढून त्यांचे प्राण वाचवल्याबद्दल प्रशस्ती."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. "हे कधी केलंत तुम्ही?"

"मी नाही केलं." धाकटा पुढे वाकला. "बाई, इथे थांबा. हा मी नव्हे. तेव्हा मी रजेवर होतो, मुलगी झाली म्हणून. तो थोरला असणार."

बाईंनी पान उलटलं. रजेची नोंद तिथेच होती. दोन्ही पानं पुढेमागे करून त्यांनी पाहिली आणि आवाज खाली आणला.

"लोक नोंद चढवून घ्यायला इथे वर्षानुवर्षं खेटे घालतात, काका. उतरवून घ्यायला आलेले तुम्ही पहिलेच. असं करा, मी वाचलं नाही, तुम्ही ऐकलं नाही. काकूंचं साल महिन्याभरात होऊन जाईल. हरकत घेतलीत तर सगळी फाइल चौकशी मंडळापुढे जाणार. मग निर्णय लागेपर्यंत कुठलीच दुरुस्ती नाही. काकूंचीही नाही."

धाकट्याने बायकोकडे पाहिलं. तिने पिशवी उचलली. "घरी जाऊन बोलू."

घरी बोलणं झालंच नाही. संध्याकाळी मुलीचा फोन आला. आईने तिला दुपारी फोनवर प्रशस्तीचं तेवढं सांगितलं होतं, आणि तिने तोवर सासरी सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

"बाबा, एवढी मोठी गोष्ट, आणि आम्हाला पत्ताच नाही!"

"केली असती तर सांगितली असती. त्या दिवशी मी तुला आंघोळ घालायला शिकत होतो. तेही धड जमत नव्हतं."

"मग आता मी यांना काय सांगू?"

"हेच सांग."

दोन दिवस बायको कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी ती गुडघ्याला मलम चोळत बसली होती, तेव्हा मान वर न करता म्हणाली, "तो थोरला आहे तरी कुठे हल्ली?"

"कुणास ठाऊक."

"मग शोधा की. घरात येरझाऱ्या घालून काय होणार? माझा गुडघा इतके दिवस दुखला, अजून थोडा दुखेल. पण लवकर आटपा, मी काही साधुसंत नाही."

धाकट्याने दुसऱ्याच दिवशी हरकतीचा अर्ज दिला. जुन्या सोबत्यांना फोन करून करून थोरल्याचा पत्ता लागला. तो दुसऱ्या शहरात किल्ल्या बनवायचा. एका गल्लीच्या तोंडाशी चिंचोळं दुकान, भिंतभर कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या, आणि यंत्रावर वाकलेला तो उंच माणूस. धाकट्याने दोनदा हाक मारली. त्याने वर पाहिलं नाही. गल्ल्यावर बसलेली त्याची बायको म्हणाली, "त्यांना ऐकू येत नाही, भाऊजी. समोर जाऊन उभे राहा."

समोर गेल्यावर थोरल्याने यंत्र बंद केलं. त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाला, "तू अजून वाढला नाहीस."

धाकट्याने ओरडून ओरडून त्या नोंदीचं सगळं सांगितलं. शेजारचे दोन दुकानदार बाहेर येऊन ऐकू लागले. थोरल्याच्या बायकोने उरलेली हकिगत पुरी केली. स्फोटापासून त्याचे कान गेले होते. उपचारासाठी त्याने दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा उत्तर आलं की त्या दिवशी अर्जदार तिथे होता असं रेकॉर्डवरून दिसत नाही.

"दुसरं उत्तर आलं, तेव्हा यांनी ते फाडून टाकलं," ती म्हणाली. "परत त्या इमारतीचं तोंड बघणार नाही म्हणाले."

"आणि नाहीच बघणार," थोरला म्हणाला. तिच्या ओठांवरून त्याला कळलं होतं. "मी तिथे नव्हतो म्हणतात. बरं, नव्हतो. राहू दे तुझ्याकडे."

"अरे, मला नको आहे ते!" धाकटा ओरडला. "आणि तू आल्याशिवाय माझी फाइल सुटत नाही. माझ्या बायकोचा जन्म अडकलाय!"

थोरल्याला वाटलं आपण भलतंच ऐकलं. त्याच्या बायकोने ते पाटीवर लिहून दाखवलं. मग जन्मसालाचा सगळा प्रकार कळल्यावर तो इतका हसला की त्याला स्टुलावर बसावं लागलं. हसणं ओसरल्यावर तो म्हणाला, "वहिनींसाठी येतो. फक्त वहिनींसाठी."

मंडळ पावसाळ्यानंतर बसलं. लांब टेबलामागे तीन अधिकारी, कडेला टायपिस्ट. धाकटा थोरल्याशेजारी बसला आणि प्रत्येक प्रश्न त्याच्या कानात पुन्हा ओरडून सांगू लागला. अध्यक्षांनी धाकट्याला विचारलं, "तुम्ही तिथे नव्हता, तर हे तिथे होते हे तुम्हाला कसं माहीत?"

"माहीत नाही, साहेब. मी नव्हतो एवढंच माहीत आहे. आणि आमच्या तुकडीत या नावाचे आम्ही दोघंच होतो."

अध्यक्षांनी थोरल्याला बाही वर करायला सांगितलं. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी चुरगळल्यासारखी, चकचकीत झाली होती. दुसऱ्या अधिकाऱ्याने धाकट्याचा निवृत्तीच्या वेळचा वैद्यकीय तपासणीचा कागद काढला. भाजल्याची खूण कुठेच नव्हती. तिघांनी माना एकत्र आणून कुजबुज केली.

"ठीक आहे," अध्यक्ष म्हणाले. "नोंद यांच्या नावावर घ्या. मजकूर तोच. तीन जखमी जवानांचे प्राण वाचवल्याबद्दल."

धाकट्याने ते कानात सांगितलं. थोरल्याने मान हलवली. "दोन."

"काय?" धाकट्याने विचारलं.

"काढले तीन. वाचले दोन. तिसरा माझ्या हातात गेला, गाडीपासून चार पावलांवर. त्याच्या घरच्यांनी हा कागद कधी पाहिला तर त्यांना काय वाटेल? दोन लिहा."

टायपिस्टचे हात थांबले. अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "यामुळे तुमची प्रशस्ती कमी होत नाही," ते म्हणाले, आणि मग टायपिस्टला, "तीन काढले, दोन वाचले असं घ्या. तिसऱ्याचं नाव शोधून तेही घाला."

बाहेर आल्यावर थोरला जिन्यातच बसला. धाकट्याने त्याला पाणी आणून दिलं आणि तोही शेजारी बसला.

कागद हिवाळ्यात आले. बायकोचं साल दुरुस्त झालं आणि तिचा गुडघा बदलला. पहिले काही दिवस तिने फिजिओथेरपीच्या मुलीला यथेच्छ शिव्या घातल्या, मग कुबडी सोडून चालायला लागली. धाकट्याची मुलगी भेटायला आली, तेव्हा तिने सासरी सगळं खरं सांगितल्याचं म्हटलं. त्यांना आंघोळीची गोष्टच जास्त आवडली होती.

थोरल्याला लष्करी दवाखान्यातून कानाची यंत्रं मिळाली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्याने धाकट्याला फोन केला, आयुष्यात पहिल्यांदा.

"त्या तिसऱ्याची बहीण आहे," तो म्हणाला. "तिचं गाव मला ठाऊक होतं. इतकी वर्षं गेलो नाही. ती काही विचारणार, आणि मला ते ऐकू येणार नाही, आणि मी तिला परत परत विचारायला लावणार. ते जमलं नसतं मला."

"आता?"

"उद्या जातोय."

"मी येऊ का?"

"नको. तिच्याशी एकट्यानेच बोलतो."

तो गेला. तिच्याकडे एक दिवस राहिला. तिने काय विचारलं आणि त्याने काय सांगितलं हे धाकट्याने विचारलं नाही, आणि थोरल्यानेही सांगितलं नाही. तिने पुन्हा यायला सांगितलंय, एवढंच म्हणाला.