टोचत नाही

डोंगरावर लोकरीचा शर्ट घालावा की सिंथेटिक, या एका प्रश्नावर मालकिणीच्या घरात जेवढी भांडणं झाली, तेवढी सासरच्या माणसांवरूनही झाली नव्हती. दुकान तिचं, डोंगरात भटकणाऱ्यांच्या कपड्यांचं. म्हणून नवऱ्यापासून शेजारच्या किल्लीवाल्यापर्यंत सगळे तिला मालकीणच म्हणत. दुकानात शिरलं की डाव्या हाताला लोकर, उजव्या हाताला सिंथेटिक, आणि मधोमध डोकं खाजवत उभं असलेलं गिऱ्हाईक. ती दोन्ही बाजू प्रामाणिकपणे मांडायची. लोकर घामाने भिजली तरी ऊब सोडत नाही, चार दिवस घातली तरी वास मारत नाही, पण वाळायला उशीर लावते आणि जपली नाही तर कसर लागते. सिंथेटिक हलकं, दणकट, बघता बघता वाळतं. पण दुसऱ्या दिवशी शेजारचा माणूस तंबू बदलून मागतो, आणि ओल्या अंगाला वारा लागला की हुडहुडी भरते. एवढं सांगून झालं की ती हळूच लोकरीकडे झुकायची.

नवरा मात्र कट्टर सिंथेटिकवाला. लोकांना दोराला बांधून डोंगरावर न्यायचं हा त्याचा धंदा, आणि कुठूनही घसरला तरी पायांवर उतरतो म्हणून सोबत्यांनी त्याचं नाव बोका पाडलेलं. असा हा गडी लोकरीचा धागा अंगाला लागला की लहान पोरासारखा कळवळायचा. "टोचतं गं!" सासऱ्यांनी हौसेने दिलेला लोकरी कोट त्याने लग्नात जेमतेम फोटोपुरता घातला, आणि प्रत्येक फोटोत त्याचं तोंड कुणीतरी चिमटा काढल्यासारखं आहे.

गेल्या वर्षी बोक्याच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या. बूट घट्ट आहेत, वय झालं, उतारावर जोर पडला, अशी सगळी कारणं देऊन झाली. शेवटी मालकिणीने त्याला जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या, गोळ्या लिहून दिल्या आणि दोघांना समोर बसवून बजावलं. "नसांचं दुखणं आहे. बधिरपणा पायांतून वर चढला तर त्याच दिवशी इकडे या. आणि मग दोराला हात लावायचा नाही. तुमच्या भरवशावर दुसऱ्यांचे जीव असतात."

काही आठवड्यांनी मुंग्या थांबल्या. बोका घरभर नाचला. मालकिणीच्या जिवात जीव आला. मुंग्या गेल्या म्हणजे दुखणं गेलं, असं दोघांनी धरून टाकलं. पुढच्या तपासणीच्या वेळी तो डोंगरावर होता, आणि तिनेही मग फार लावून धरलं नाही.

आता परवा तो या मोसमातल्या मोठ्या चढाईला निघणार होता. वाट बर्फाच्या धारेवरून जाणारी आणि सोबत सगळी नवखी मंडळी. या वेळी मात्र तंबूतल्या सोबत्यांनी त्याला निर्वाणीचं सांगितलं होतं की बोका आत झोपेल, त्याचा शर्ट बाहेर झोपेल. तेव्हा स्वारी शरण आली. "दे बाई तुझी लोकर. हरलो मी." मालकिणीला कोण आनंद! तिने दुकानातला सगळ्यात तलम लोकरी शर्ट निवडून खोक्यात बाजूला ठेवला आणि पार्सल सोडवायला जाताना नणंदेला सांगितलं, "दादा आला की हा दे. घालून बघू दे." नणंद दुकानात मदतीला असायची. कामाला चटपटीत, फक्त लक्ष कायम भलतीकडे.

दुपारी ती परतली तर बोका करड्या लोकरी शर्टात शिडीवर उभा राहून वरच्या फळीवरची खोकी उतरवत होता.

"वहिनी, चमत्कार!" नणंद ओरडली. "सकाळपासून अंगात आहे, एकदाही कुरकुरला नाही!"

"कुरकुरू कशाला?" तो शिडीवरून उतरला. "उगाच इतकी वर्षं तुझ्याशी भांडलो. कॉलर तेवढी जरा टोचते, आणि बाह्या. बाकी लोणी आहे गं, लोणी!"

"बघा, मी काय सांगत होते!" मालकीण म्हणाली आणि हसत हसत त्याची कॉलर सारखी करायला पुढे झाली. कॉलरच्या आत तिच्या बोटांना दोऱ्याची गाठ लागली. तिने कॉलर उलटली. लाल दोरा होता.

मागच्या खेपेला गिरणीकडून असा काही माल आला होता की ज्याने घेतला त्याने परत आणून दिला. एकाने तर रस्त्यातच अंगातून काढला. नणंदेने त्या शर्टांचं नाव साळिंदर ठेवलं होतं. परत पाठवायचे म्हणून मालकिणीने प्रत्येकाच्या कॉलरला आतून लाल दोरा घातला होता.

"हा कुठून काढलास?" तिने विचारलं.

नणंदेने जीभ चावली. "अगं बाई! दोन्ही खोकी शेजारी शेजारी होती गं." आणि मग तिला हसू आवरेना. "पण वहिनी, साळिंदर अर्धा दिवस अंगावर आणि दादाला पत्ताच नाही! दादा, गेंड्याची कातडी आहे रे तुझी!"

"तर! त्याशिवाय का इतकी वर्षं तुझ्या वहिनीबरोबर टिकलोय?" बोकाही खो खो हसला.

मालकिणीला हसू आलं नाही. तिने शर्टाची कड बोटांत धरून चोळली. सुई धरून धरून निबर झालेल्या तिच्या बोटांनाही ते सूत काट्यासारखं लागत होतं. आत त्याने बनियनसुद्धा घातलं नव्हतं. कॉलर टोचते, बाह्या टोचतात. मग छाती आणि पाठ का टोचत नाही? मुंग्या गेल्या नव्हत्या. त्या पुढे निघून गेल्या होत्या आणि मागे काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

गिऱ्हाईक आलं म्हणून नणंद पुढे गेली. बोका शीळ घालत दोराची वेटोळी मोजू लागला. इतका खुशीत तो कित्येक महिन्यांत दिसला नव्हता. बोलावं तर त्याचा डोंगर सुटणार, आणि डोंगराशिवाय हा माणूस घरात काय करेल, हे तिला कळत नव्हतं. गप्प बसावं तर परवा त्या धारेवर कुणाच्या तरी लेकी-सुना, कुणाची पोरं त्याच्या दोराला बांधलेली असतील. तिला स्वतःचा राग आला, डॉक्टरीणबाईंचा आला, त्याच्या शिळेचाही आला.

"अहो, आत या जरा. कमरेत ढगळ होतोय. आवळून देते."

मागच्या खोलीत शिलाई मशीनसमोर मोठा आरसा होता. तो आरशाकडे तोंड करून, हात पसरून उभा राहिला आणि त्याची टकळी सुरू झाली. नवख्यांमध्ये एक शिक्षक आहे, तो चालताना झाडांशी बोलतो. एक बाई आहे, तिने बॅगेत इस्त्री भरली होती. "इस्त्री! बर्फात!" मालकीण खाली वाकून दोन्ही कुशींना टाचण्या लावत होती आणि हं हं करत होती.

विचारलं तर तो थट्टेवारी नेणार, हे तिला पाठ होतं. तिने आणखी एक टाचणी घेतली. त्याच्या पाठीवर, खांद्याच्या हाडाच्या बरंच खाली, शर्टावरून टेकवली. मग दाबली. तो इस्त्रीबद्दलच बोलत होता. तिने दात आवळून आणखी दाबली. त्याच्या आवाजात तसूभर फरक पडला नाही. करड्या लोकरीवर एक बारीक काळपट ठिपका उमटला आणि पसरू लागला. तिचे डोळे भरून आले.

"काय गं, झोपलीस का मागे?" तो म्हणाला. "टाचणी लावायची तर लाव की पटकन. हात भरून आले माझे."

झालं, असं म्हणून ती टाचणी काढू शकत होती. शर्ट धुतला असता तर डागही गेला असता.

"लावलीय," ती म्हणाली.

आरशात त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. हसू थोडा वेळ त्याच्या ओठांवर तसंच राहिलं, मग गेलं. पसरलेले हात त्याने हळूहळू खाली घेतले.

"कुठे?" त्याने विचारलं.