मिठाच्या रस्त्याची गाडी

पेंत्तींनी आयुष्यात सहा गाड्या घेतल्या आणि सहाही गावातल्या शाळकरी मुलांपायी झिजवल्या. सातवी घ्यायला ते आज रोव्हानिएमी शहरात आले होते, पण ती त्यांच्या नावावर होणार नव्हती. ती लेकीची, सेल्माची.

त्यांच्या गावापासून, कुस्कोवारापासून, शाळा छप्पन्न किलोमीटर. मुलांना नेण्या-आणण्याचं काम पेंत्ती एकतीस वर्षं करत आले होते. आता मात्र तिन्हीसांजेला रस्त्याकडेला उभं आहे ते रेनडिअर की झुडूप, हे त्यांना ओळखू येईना. उन्हाळ्यापासून गाडी सेल्माच चालवायची आणि पेंत्ती शेजारी बसायचे. ते डोळे बारीक करून पुढे वाकले की ती हळूच म्हणायची, "झुडूप आहे, बाबा." मग ते पुन्हा पाठ टेकायचे.

डॉक्टरांनी वसंतातच बजावलं होतं, हिवाळ्याआधी परवाना परत करा. पालिकेचं म्हणणं होतं, दुसरा कायमचा चालक आणि धड गाडी दाखवा, नाहीतर मुलांना शाळेच्या वसतिगृहात ठेवा. मुलं सात, त्यातली काइसा यंदाच पहिलीत गेलेली.

तेव्हा सेल्मा म्हणाली होती, "मी आहे ना, बाबा." दूर दक्षिणेला, समुद्रकाठच्या तुर्कू शहरातला संसार मोडून ती दोन वर्षांपूर्वी माहेरी आली होती. तिच्या त्या एका वाक्यावर पेंत्तींनी नव्या गाडीसाठी आईकडून आलेलं जंगल विकलं आणि घरोघर जाऊन सांगितलं, काळजी करू नका, सेल्मा आहे.

"पेंत्तीकाका! या, बसा. कॉफी आधी, गाडी नंतर," दुकानातला इल्पो उठून म्हणाला.

"ह्याला ओळखलंस का?" पेंत्ती सेल्माला म्हणाले. "पहिलीत असताना रोज नदीच्या वळणावर ओकायचा. ह्याच्यासाठी वेगळी बादली ठेवली होती मी गाडीत."

"काका, निदान दुकानात तरी नको!" इल्पो हसत सुटला. "त्या बादलीला स्मरून पायपुसण्या फुकट देतो, मग तर झालं?"

गाडी आधीच ठरली होती, निळी, आठ जणांची. राहिलं होतं ते वरचं सामान. इल्पोने कागद पुढे ओढला.

"बर्फासाठी टायर खिळ्यांचेच. ते काही विचारायला नको," तो लिहू लागला.

"बिनखिळ्यांचे," सेल्मा म्हणाली.

इल्पोचा पेन थांबला. "कुस्कोवाराला? बिनखिळ्यांचे?"

"खिळ्यांचा आवाज फार होतो. डोकं उठतं."

पेंत्तींनी तिच्याकडे पाहिलं. बारा वर्षांची असताना तिला त्यांनी गोठलेल्या तळ्यावर गाडी शिकवली होती. तेव्हा सांगितलं होतं, आवाजाला कंटाळू नकोस, खिळे बर्फाशी बोलतात. ते गप्प झाले की समज, बर्फावर पाणी आहे, पाय उचल. ती कधीच विसरली नव्हती.

पण मूल चुकीचं उत्तर देत असलं तर मध्ये तोडू नये, त्याला शेवटापर्यंत जाऊ द्यावं, अशी त्यांची रीत होती. बहुतेक वेळा मूल आपणच थांबतं.

"बरं, तुमची मर्जी," इल्पो म्हणाला. "पुढचे मोठे दिवे? अंधारात रेनडिअर दिसायला?"

"नकोत."

"खडी उडते, तिच्यासाठी पुढच्या रंगावर पट्टी?"

"नको."

"इंजिनचा हीटर तरी? उणे पस्तीसला गाडी चालू कशी करणार?"

"नको. गाडी आत असेल ना."

आत म्हणजे कुठे? घरी नुसती लाकडांची छपरी होती, तिला दारसुद्धा नव्हतं.

"अगं बाई, मग घेणार काय?" इल्पोने हात पसरले. "नुसती किल्ली देऊ का कागदात बांधून?"

"गंज चढू नये म्हणून खालून लेप," सेल्मा म्हणाली. "तो हवा. चांगल्यातला, दहा वर्षं टिकणारा."

इल्पोने ते लिहायला घेतलं आणि अर्ध्या शब्दावर थांबला. त्याने आधी पेंत्तींकडे पाहिलं, मग आपल्या कपाकडे.

त्यांच्या मुलखात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकत नाहीत. एवढ्या कडाक्यात मीठ काम करत नाही, म्हणून वाळू आणि खडी टाकतात. पेंत्तींची जुनी गाडी बारा वर्षांची, पण खालून अजून ठणठणीत होती. मीठ पडतं ते दक्षिणेत, समुद्रकाठी, तुर्कूकडे. तिथे चार हिवाळ्यांत गाडीचा पत्रा मिठाने गंजून बिस्किटासारखा तुटून हातात येतो. हे काइसासुद्धा सांगू शकली असती.

"मी कॉफी आणतो," इल्पो म्हणाला. तिघांचेही कप भरलेले होते. तो गेला.

"कधी?" पेंत्तींनी विचारलं.

"कधी काय?"

"सेल्मा."

ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "नाताळनंतर. बाबा, मी सांगणारच होते."

"तुला कधी कळलं?"

"काम मिळाल्याचं पत्र ऑगस्टमध्ये आलं."

ऑगस्टमध्येच जंगलाचे कागद झाले होते. बारीक अक्षर पेंत्तींना दिसेना, तेव्हा सेल्मा शेजारी बसली होती. सही कुठे करायची तिथे बोट ठेवून म्हणाली होती, "इथे, बाबा." हेच बोट.

"तू तुर्कूसाठी मागितलं असतंस, तरी दिलं असतं," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "जंगल काय मी वर घेऊन जाणार होतो? पण तू मुलांचं नाव पुढे करून मागितलंस."

"तोंडच उघडेना माझं! तुम्ही गावभर सांगत सुटला होतात, सेल्मा आहे, सेल्मा आहे. मी गुदमरते त्या गावात, हे दोन वर्षांत एकदा तरी विचारलंत?"

"नाही विचारलं. ती माझी चूक," पेंत्ती म्हणाले. "पण ती तू मला सांगायची होतीस. अशी वसूल करायची नव्हतीस."

सेल्मा रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटून गेलं.

इल्पो रिकाम्या हातानेच परत आला. "आज राहू दे रे," पेंत्ती उठत म्हणाले. "सही नको."

"काका, खिळ्यांचा एक संच बाजूला ठेवू का? तुमच्यासाठी?"

"कुठल्या गाडीसाठी ठेवतोस? आणि चालवणार कोण?"



परतीचा रस्ता दोन तासांचा होता. शाळेपाशी मुलं वाट पाहत होती. दार सरकताच सगळी एकदम आत घुसली, ओले बूट, दप्तरं आणि गलका.

"आजोबा, नवी कुठाय?" काइसाने पुढच्या सीटला लोंबकळत विचारलं. "घेतली ना? मोठे दिवे लावलेत ना तिला?"

"सेल्माला विचार," पेंत्ती म्हणाले. "गाडी तिची होती."

आणि ते थांबले. पाढा अडलेल्या मुलासाठी थांबावं तसे, घाई न करता. एरवी ती अडली की पहिला शब्द ते पुरवायचे. आज पुरवला नाही.

"नाही घेतली," सेल्मा म्हणाली.

"का?"

"कारण मी… नाताळनंतर मी इथे नसेन, काइसा."

 थोरल्या मुलाने पट्टा लावता लावता विचारलं, "मग आम्हाला कोण नेणार?"

सेल्माने वडिलांकडे पाहिलं. पेंत्ती समोर रस्त्याकडे पाहत होते. 

गाडी निघाली. नदीच्या वळणाशी उजेड पार मावळला. रस्त्याच्या कडेला काहीतरी राखाडी, उभं दिसलं. पेंत्तींनी डोळे बारीक केले आणि पुढे वाकले.

"झुडूप आहे, बाबा," सेल्मा हळूच म्हणाली.

पेंत्तींनी पाठ टेकली नाही. ते मागे वळले.

"काइसा, बघ गं बाळा," ते म्हणाले. "काय आहे ते?"

काइसाने काचेला नाक लावलं. "झुडूपच आहे, आजोबा."

तेव्हा कुठे ते मागे टेकले. सेल्माने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं.