चालण्याचं एक क्रेडिट

"म्हणजे मी नापास?"

"नापास कुठं? साठच्या साठ क्रेडिटं पुरी आहेत, ट्रुइटबाई. पण पदवीसाठी अर्जच केला नाहीत तुम्ही."

"अर्ज? मला वाटलं, कोर्स संपले की कॉलेजच पोस्टानं पाठवतं."

काउंटरपलीकडचा कॉलेजचा कारकून किरोझ हसला नाही. तो पोरगा चांगला होता. व्हर्ना ट्रुइटने आठ वर्षं एकेक कोर्स करत दोन वर्षांच्या पदवीचं कम्युनिटी कॉलेज संपवलं होतं, आणि पुढे चौदा वर्षं कागदाची वाट पाहिली होती. सुरुवातीला आई रोज विचारायची, "आला का गं?" मग आई गेली, आणि विचारणारं कुणी उरलं नाही.

"मग दे अर्ज. आत्ता भरते."

"मधे खंड पडला ना, आता नवे नियम लागू. त्यात एक क्रेडिट व्यायामाचं लागतं."

तीस वर्षं ती वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून संडासात नेत होती. तिला हसावं की रडावं कळेना.

"व्यायाम? बाळा, एकदा ये आणि आमच्या ग्रबआजोबांना आंघोळ घालून दाखव."

"पाठबिठ दुखत असेल तर डॉक्टरची चिठ्ठी आणा. सूट मिळते."

पाठ दुखतच होती. सकाळी मोजे घालायला तिला पलंगाचा कठडा धरावा लागे. पण 'हिला वजन उचलवत नाही' असं कुणी कागदावर लिहिलं आणि ते आश्रमाच्या ऑफिसात पोचलं, तर त्याच दिवशी घरी बसायची वेळ. आश्रमातल्या पर्यवेक्षिकेची जागा जूनमध्ये रिकामी होणार होती. टेबल, खुर्ची आणि फोन. तिथे काही उचलावं लागत नाही, फक्त पदवी लागते. जूनपर्यंत पाठ टिकवायची, म्हणजे तोवर ती लपवायची.

"चिठ्ठी नको," ती म्हणाली. "त्यातला सगळ्यात सोपा कोर्स कुठला?"

"चालण्याचा."

पहिल्या तासाला केंड्रा नावाच्या शिक्षिकेने सगळ्यांना पावलं मोजायचं छोटं यंत्र दिलं. मैदानावर चाळीस मिनिटांत चार हजार पावलं, मंगळवार-गुरुवार, दुपारी साडेतीनला. वर्गात सगळी एकोणीस-वीस वर्षांची पोरं होती. व्हर्ना आश्रमातून थेट यायची, तेच निळे कपडे, तेच बूट.

तिसऱ्या गुरुवारी, विसरायला नको म्हणून तिने यंत्र सकाळीच कमरेला अडकवलं. त्या दिवशी दोन मदतनीस आल्या नव्हत्या, आणि ग्रबआजोबा दोनदा पडले.

मैदानावर केंड्राने तिच्या कमरेकडे वाकून पाहिलं. "अरे वा! अठरा हजार?"

"कामावर झाली."

"कामावरची धरता येत नाहीत हो." तिला खरंच वाईट वाटलं असावं. "फक्त या मैदानावरची. शून्यापासून सुरू करावं लागेल."

अठरा हजार पावलं. आईने हे ऐकलं असतं तर केंड्राशी भांडली असती. व्हर्नाच्या अंगात भांडायचं त्राण नव्हतं, आणि वाईट याचंच वाटत होतं.

"कुठलं बटण?"

"ते खालचं. जरा दाबून धरा."

व्हर्नाने बटण शून्य येईपर्यंत दाबून धरलं. मग एक हात पाठीवर ठेवला, केंड्रा बघतेय हे लक्षात येताच तो काढून घेतला, आणि ती चालायला लागली.