दोन्ही अंगांना छापा

ठमाबाईला कुणी सांभाळायचं, यावर तिच्या दोन्ही लेकांची तिच्याच अंगणात, तिच्याच देखत जुंपली होती. वरंधजवळच्या त्या वाडीत लाज कशाशी खातात ते या दोघांना ठाऊकच नव्हतं. शेत वाटून झालं, बैल वाटून झाले. म्हातारी तेवढी उरली.

घर मात्र ठमाबाईच्या बापाचं. त्याला मुलगा नव्हता. मरताना घर लेकीच्या नावावर करून गेला. लेकांनी मध्ये कूड घालून तेही परस्पर वाटून घेतलं, तेव्हा तिनं ब्र काढला नव्हता. आता ओटीवर बसून ती नुसती जळत होती.

"छापा-काटा करा न् मोकळे व्हा," पंच म्हणून बोलावलेला कुशाबा वैतागून म्हणाला.

थोरल्या भागोजीनं कनवटीचा पैसा काढला. मुरारीनं त्याचा हात झटकला. "त्यावर गोऱ्या राजाचं थोबाड हाय. आमच्या आयेचा निवाडा त्यानं करायचा?"

मुंबईच्या गिरणीत राहून धाकट्याला असं बोलणं जमू लागलं होतं. त्यानं ऐटीत खिशातून चांदीचं नाणं काढलं. महाराजांच्या जन्माला तीनशे वर्षं झाली, त्या उत्सवात घेतलेलं. एका अंगाला रायगड, दुसऱ्या अंगाला घोड्यावर महाराज. बाजारात ते चालत नव्हतं, मिरवायला मात्र झकास.

"छापा पडला तर आये तुझ्याकडं," भागोजी म्हणाला.

नाणं उडालं. किल्ला वर आला.

"पडला छापा!"

"हॅट! छापा म्हंजे महाराज. किल्ला तर काटा. आये तुझी!"

पुन्हा उडवलं. महाराज वर आले. लगेच दोघांनी टोप्या फिरवल्या. आता भागोजीला महाराज छापा वाटू लागले आणि मुरारीला किल्ला. एकमेकांची गचांडी धरून दोघे आयेला एकमेकांच्या दारात ढकलत होते.

कुशाबानं नाणं उलटंपालटं करून पाहिलं. "गाढवांनो, दोन्ही अंगांना छापाच हाय. याला काटा हाय कुठं?"

ठमाबाई उठली. तिनं कुशाबाच्या हातून नाणं घेतलं.

"भागोजी, छापा पडला तर तू घराभायेर."

नाणं पडलं. किल्ला.

"मुरारी, आता तुझ्या नावानं."

महाराज.

दिवसभरात पहिल्यांदाच दोघे भाऊ एका सुरात ओरडले, "आये, ह्ये नाणं चालत नाय!"

"माझ्यावर चाललं ना रे? मंग तुमच्यावर पन चालंल. घर माझ्या बापाचं हाय. उचला गाठोडी."