किशोररावांचा डावा डोळा

सुपारी फुटायच्या आत नवरदेवाच्या काकाने नवरीच्या आईला डोळा मारावा, असं सायखेड्यात आजवर घडलं नव्हतं. दोन हजार चार सालच्या फेब्रुवारीत घडलं.

काका म्हणजे दिंडोरीचे किशोरराव. पुतण्या महेशचे वडील हयात नाहीत, तेव्हा सोयरीक पक्की करणारी सुपारी फोडायचा मान त्यांचा. समोर मुलीची आई कुसाबाई. किशोररावांनी अडकित्ता उचलला, तशी त्यांच्या डाव्या डोळ्याची पापणी खाली आली आणि खालीच राहिली.

"ओ पाव्हणं, काय चाल्लंय हे?" कुसाबाई कडाडल्या.

किशोरराव खुलासा करायला गेले. तोंडातून "बा... ब..." एवढंच निघालं आणि उजव्या हातातला अडकित्ता गळून पडला.

"पिऊन आलाय!" मुलीकडच्यांनी निकाल दिला.

"एवढ्या सकाळी?" मागून कुणीतरी आदराने विचारलं.

आम्ही मुलाकडचे फेटे सावरत उठलो. चहा यायचा होता, त्यामुळे निघायची घाई मात्र कुणी केली नाही.

तेवढ्यात बायकांतून किशोररावांची बायको ज्योत्स्ना तरातरा पुढे आली.

"ह्यांना डोळा मारताच येत नाय!" ती ओरडली. "एक मिटायला गेले की दोन्ही मिटतात. लग्न झाल्यापासून शिकवतेय मी!"

सभा गार पडली. ज्योत्स्नाने नवऱ्याची कॉलर खाली ओढली. मानेच्या डाव्या बाजूला काळानिळा वळ.

"परवा द्राक्षाच्या बागेत फवारताना ट्रॅक्टर वेलींच्या मांडवाला घासला. टेकूचा बांबू मानेत बसला," ती म्हणाली.

रक्त आलं नव्हतं. आणि आमच्याकडे रक्त आल्याशिवाय लागलं असं म्हणत नाहीत. किशोररावांनी मिठाने शेकून उरलेली बाग फवारली होती.

"उजवा हात उचला बरं," ज्योत्स्ना म्हणाली.

हात उचलेना.

"मान भरलीय, दुसरं काय!" महेशचे मामा जयराम बाह्या सारत पुढे झाले. "एक झटका देतो. कडकन वाजलं की गडी मोकळा!" निम्म्या तालुक्याच्या माना मामांच्या हाताखालून गेल्या होत्या. जे परत आले नाहीत ते बरे झाले असं मामा धरत.

"मानंला हात लावलात तर तुमचाच हात मोडीन," कुसाबाई म्हणाल्या. क्षणापूर्वी किशोररावांवर कडाडणारी बाई आता त्यांची ढाल झाली. "बघता काय? जीप काढा!"

जीप निघाली. मागे आणखी दोन जीपा आणि चहा न मिळालेले सगळे पाहुणे. द्राक्षांच्या ट्रॅक्टरांतून वाट काढत, हॉर्न कोकलत आम्ही नाशिक गाठलं. वाटेत मामांचा हात सवयीने दोनदा मानेकडे गेला. दोनदा कुसाबाईंनी फटका दिला.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी मानेचे आणि डोक्याचे फोटो काढले. "मेंदूला रक्त नेणारी मोठी रक्तवाहिनी दबलीय," ते म्हणाले. "आतलं अस्तर फाटलं, तिथे रक्त गोठलं आणि एक गुठळी मेंदूत गेली. पापणीची नस त्या वाहिनीला चिकटूनच जाते. मान कुणी चोळली नाही ना? झटका बसता तर माणूस हाती लागला नसता."

सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. मामांनी पंख्याकडे पाहिलं.

"बोलतील ना पुन्हा?" ज्योत्स्नाने विचारलं.

"गुठळ्या होऊ नयेत म्हणून औषध चालू केलंय. वाट बघू."

वाट बघायला दोन्ही वऱ्हाडं व्हरांड्यात बसली. एकमेकांच्या डब्यांतलं खाता खाता लग्नाची तारीखसुद्धा ठरून गेली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी किशोररावांना हात उचलायला सांगितलं. हात थरथरत वर आला. दारात आम्ही एकमेकांच्या खांद्यावरून वाकून बघत होतो.

"आता सांगा, ह्या कोण?" डॉक्टरांनी ज्योत्स्नाकडे बोट केलं.

किशोररावांचे ओठ हलले. काही निघेना. ज्योत्स्नाने पदर मुठीत आवळला.

"ज्यो..." ते थांबले. कपाळावर घाम आला. "ज्योत्... स्ना."

"शाब्बास!" डॉक्टर म्हणाले. "हे नाव धडधाकट माणसालाही जड जातं."

आमच्याकडे नवरा चारचौघांत बायकोचं नाव घेत नाही. इथे तर समोर नवे व्याही उभे. ज्योत्स्नाने झटकन पदर डोक्यावर घेतला.

"अहो, पाहुणे हायेत!" ती दटावायला गेली, आणि तिथंच पलंगाच्या कडेला बसून तिला रडू फुटलं.